पाठ केलेल्या निबंधाला गुण देणं थांबवा: प्राथमिक शिक्षकांना खुलं पत्र

प्राथमिक शाळेत भाषा शिकवणाऱ्या आणि निबंधाच्या वह्या, उत्तरपत्रिका तपासणाऱ्या सर्व शिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

मी तिसरी ते पाचवीच्या मुलांबरोबर लेखनाचं काम करते. शाळा सुटल्यावर मुलं वह्या घेऊन येतात. आम्ही बोलतो, लिहितो, लिहिलेलं पुन्हा वाचतो. परीक्षा जवळ आली की त्यांच्या दप्तरांतून छापील निबंधांची पुस्तकं नाहीतर झेरॉक्स काढलेले कागद निघतात आणि पालक हमखास विचारतात, 'यातले कुठले पाठ करून घेऊ?' विचारतात मला, पण या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

ज्याला गुण मिळतात, तेच मुलं लिहितात. पाठ केलेल्या निबंधाला दहापैकी नऊ आणि स्वतःच्या मनाने जुळवलेल्या, थोडं अडखळलेल्या निबंधाला पाच मिळाले, की पुढच्या परीक्षेला पाचवालाही पाठ करून येतो. त्याच्या आईवडिलांनाही तेच शहाणपणाचं वाटतं. त्यांना दोष कसा देणार? मुलांचं लेखन सुधारावं असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं, पण सुधारण्याची पहिली अट म्हणजे मुलाने लिहिलेलं त्याचं स्वतःचं असणं. दुसऱ्याचं लेखन सुधारून मूल काय शिकणार?

एक उदाहरण सांगते. चौथीतल्या एका मुलाच्या वहीत विषय होता 'पावसाळ्यातील एक दिवस'. त्याने लिहिलं होतं: 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. आकाशात काळे ढग जमा होतात. विजा कडाडतात. धरतीमाता हिरवा शालू नेसते. मोर पिसारा फुलवून नाचतो. बळीराजा सुखावतो.' अक्षर सुरेख, एकही चूक नाही. खाली लाल शाईत 'छान'.

मी विचारलं, "तू मोर नाचताना पाहिलास का रे?"

"नाही. पण तसं लिहायचं असतं."

"बरं. तू शेवटचा कधी भिजलास?"

"परवाच. छत्री होती, पण दादाने धरली होती."

"मग छत्री असून कसा भिजलास?"

"दादा उंच आहे ना! तो धरतो तेव्हा पाणी माझ्या इथून आत जातं." त्याने कॉलर मागे ओढून दाखवली. "मग मी म्हटलं, मी धरतो. तर दादाला वाकून चालावं लागलं. घरी पोचलो तर दोघंही ओले."

मी त्याला एवढंच म्हटलं, की आत्ता बोललास ते जसंच्या तसं लिहून काढ. त्याने लिहिलं: 'दादा ऊंच आहे. छत्रि त्याने धरली की पाणि माझ्या मानेत जातं. मी धरली की दादाला वाकावं लागतं.' आणि मग स्वतःहून पुढची पाचसहा वाक्यं.

आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा. हे दोन निबंध तुमच्यासमोर एकाखाली एक आले. पहिल्यात शुद्धलेखनाची चूक नाही, दुसऱ्यात पहिल्या तीन वाक्यांत तीन चुका आहेत. गुण कुणाला जास्त?

माझं उत्तर स्पष्ट आहे. पहिल्या निबंधात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच नाही. विषय 'एक दिवस' असा आहे आणि लिहिलंय ऋतूबद्दल. गणितात विचारलेलं सोडून दुसरंच उदाहरण कुणी बरोबर सोडवून दिलं तर आपण गुण देत नाही, मग निबंधात का देतो? दुसऱ्या निबंधात एक दिवस आहे, दोन माणसं आहेत, एक अडचण आहे आणि ती सोडवण्याचा फसलेला प्रयत्न आहे. कथनाला लागणारं सगळं त्या तीन वाक्यांत हजर आहे. त्या मुलाला लिहिता येत नव्हतं असं नाही. आपल्याकडे लिहिण्यासारखं काही आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून माझी पहिली विनंती. लिहायला बसवण्याआधी मुलांना बोलतं करा. एका विषयावर दहा मिनिटं, जोडीजोडीने. ऐकणाऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे: कुठे? तेव्हा कोण होतं? आधी काय झालं? तुला काय दिसलं, काय ऐकू आलं? मग तू काय केलंस? हे प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवले तरी चालतील. परीक्षेत शेजाऱ्याशी बोलता येत नाही हे खरं, पण वर्षभर हे प्रश्न कानावर पडलेलं मूल परीक्षेत ते स्वतःला विचारू लागतं. बोलण्याचा उपयोग परीक्षेत होतो तो असा.

लहान मुलं कशी लिहितात याचा बारकाईने अभ्यास झालेला आहे. कार्ल बेराइटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या संशोधकांनी 1987 मध्ये मांडलेलं निरीक्षण कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला लगेच पटेल. नवशिका लेखक विषय वाचतो, त्याबद्दल जे पहिलं आठवेल ते लिहितो, त्यावरून पुढचं आठवेल ते लिहितो आणि आठवणं संपलं की थांबतो. 'माझी आई' आठवून पाहा: आईचं नाव, ती लवकर उठते, ती काम करते, ती मला अभ्यासात मदत करते, मला ती खूप आवडते, संपलं. मूल वर बघतं आणि म्हणतं, "बाई, झालं." आपण म्हणतो, "एवढंच? अजून पाच ओळी लिही." तेव्हा मूल 'आई प्रेमळ आहे'च्या पुढे 'मायाळू' आणि 'दयाळू' जोडतं. त्याच्याकडून आपण ओळी मागितल्या, त्याने ओळी दिल्या.

अनुभवी लिहिणारा लिहिता लिहिता ठरवत असतो की यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं, आधी काय सांगायचं. ही निवड शिकवावी लागते आणि ती शिकवता येते. 'आईबद्दल सगळं सांग' याऐवजी 'आई एकदा तुझ्यावर रागावली आणि नंतर हसली, तेव्हाचं सांग' असं म्हटलं की निवड आपोआप सुरू होते. आईचं नाव, वय, उंची यातलं काहीच लागत नाही.

शिकवण्याची रीतही सांगते. यात नवं काही नाही, फक्त आपल्या वर्गांत ती क्वचित दिसते. निबंध शिकवताना शिक्षक बहुतेक वेळा विषय देतात, मुद्दे देतात नाहीतर तयार उतारा लिहून देतात. फळ्यावर मुलांदेखत स्वतः निबंध लिहिणारे शिक्षक फार कमी. तो लिहा, आणि लिहिताना मनातलं मोठ्याने बोला: 'कुठून सुरुवात करू? पाऊस पडत होता, असं लिहू? नको, ते सगळेच लिहितील. छत्रीपासूनच सुरू करते. हे वाक्य लांबलं, तोडते. दादा उंच आहे हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.' आणि खरोखर खोडा, बाण काढून वाक्य वर न्या. बाईसुद्धा खोडतात, हे पाहिलेल्या मुलाला खोडायची भीती वाटत नाही. त्यानंतर एक निबंध सगळ्या वर्गाने मिळून लिहावा आणि मग प्रत्येकाने आपापला. कॅरन हॅरिस आणि स्टीव्ह ग्रॅहम यांनी 1980च्या दशकापासून विकसित केलेली लेखन शिकवण्याची पद्धत याच क्रमाने जाते: आधी शिक्षक करून दाखवतात, मग सगळे मिळून करतात, मग मूल एकट्याने करतं. लेखनाच्या ज्या पद्धतींची वर्गांमध्ये वारंवार तपासणी झाली, त्यांत हिचे निकाल सातत्याने चांगले आले आहेत.

परीक्षेसाठी आराखडा मात्र छोटा हवा. मुद्द्यांचे गोल, फांद्या, रंगीत खडू हे वर्गात ठीक आहे. परीक्षेत मुलाने प्रश्नपत्रिकेच्या नाहीतर उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने चारपाच शब्द लिहावेत, पुरे. 'छत्री, दादा उंच, मान, वाकून, दोघं ओले.' अर्ध्या तासाचा निबंध असेल तर त्यातली पहिली पाच मिनिटं यासाठी राखून ठेवायला शिकवा. मुलांना ती वाया गेल्यासारखी वाटतात, कारण शेजारी लिहीत सुटलेला असतो. म्हणून वर्गातच सवय लावा: पाच मिनिटं कुणीही वाक्य लिहायचं नाही, फक्त शब्द. आणि कोपऱ्यात असे शब्द दिसले म्हणून 'कच्चं काम' म्हणून गुण कापू नका. कापणारे परीक्षक मी पाहिले आहेत.

सुरुवात आणि शेवट यांबद्दल थोडक्यात. 'प्रत्येकाच्या जीवनात अमुक गोष्टीला फार महत्त्व असते' ही सुरुवात आणि 'म्हणून मला अमुक खूप खूप आवडते' हा शेवट तुम्हीही हजारदा तपासला असेल. मुलांना सांगा, गोष्ट जिथे सुरू होते तिथूनच निबंध सुरू करा आणि जिथे संपते तिथे थांबा. 'घरी पोचलो तर दोघंही ओले' हा शेवट पुरेसा आहे. त्याखाली पावसाचं महत्त्व लिहायची गरज नाही.

आता वाक्यांकडे येते. मला सर्वांत जास्त बोलायचंय ते याबद्दल.

मुलांच्या निबंधात वाक्यं तुटक असतात: 'मी घरी आलो. दार बंद होतं. मला भूक लागली होती. मी पायरीवर बसलो.' यावर व्याकरणाचे तास वाढवून फारसं काही होत नाही. ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेल्या लेखनविषयक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आराखडा करायला, मजकूर सुधारायला उघडपणे शिकवण्याचा परिणाम त्यात ठळक दिसला, वाक्यं जोडण्याच्या सरावाचा मध्यम आणि निश्चित. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा उपयोग मात्र दिसला नाही, उलट परिणाम किंचित उणा आला. याचा अर्थ व्याकरण शिकवू नका असा मी घेत नाही. वाक्य लिहितानाच ते शिकवा, असा घेते.

मराठीत तर वाक्यं जोडण्याचा खजिनाच आहे. वरची चार वाक्यं घ्या आणि वर्गाला सांगा, ही जोडून एक किंवा दोन वाक्यं करा. मुलं काय काय करतात पाहा. 'घरी आलो तर दार बंद.' 'दार बंद होतं म्हणून भूक लागलेली असूनही मी पायरीवर बसलो.' 'भूक लागली होती, पण दार बंद, मग काय, पायरीवर बसलो.' 'दार उघडेपर्यंत मी तसाच भुकेला पायरीवर बसून राहिलो.' चारही बरोबर, आणि चारही वेगळी. आता विचारा, यातला कोणता मुलगा चिडलाय? कोणाला वाट बघायची सवय आहे? मुलं उत्तरं देतात, भांडतात, आपलं वाक्य बदलतात. 'तर', 'म्हणून', 'तरी', 'असूनही', 'पर्यंत', 'बसून', 'बसताना' यांची ताकद त्यांना तिथेच कळते. उभयान्वयी अव्यय, शब्दयोगी अव्यय, धातुसाधित या संज्ञा नंतर सांगितल्या तरी चालेल, तोवर ते त्यांच्या हातात आलेलं असतं. रोज पाच मिनिटं, भाषेच्या तासाच्या सुरुवातीला, चार वाक्यं फळ्यावर. यासाठी वेगळी वही नको की तपासणीही नको.

'मग... मग... मग...' ही दुसरी तक्रार. 'मग लिहू नका' असं सांगून मुलं 'त्यानंतर... त्यानंतर...' लिहू लागतात. प्रत्येक 'मग'वर बोट ठेवून विचारा: हे आधीच्यानंतर झालं, की आधीच्यामुळे झालं? 'मी छत्री मागितली मग दादा वाकला.' नंतर वाकला की म्हणून वाकला? हा फरक मुलाच्या डोक्यात स्पष्ट झाला, की वाक्य तोच दुरुस्त करतो.

आणि शब्दांविषयी. 'सुंदर वाक्ये', 'सुविचार', 'म्हणी व वाक्प्रचार' यांच्या वह्या मुलांना पाठ करायला देतात, निबंधात म्हण आली की एक गुण जास्त, असा अलिखित नियमही असतो. परिणाम असा होतो की सहलीच्या निबंधात मध्येच 'थेंबे थेंबे तळे साचे' येऊन बसतं. म्हणी मलाही फार प्रिय आहेत, पण जागेवर आलेली म्हण वेगळी आणि गुणासाठी कोंबलेली वेगळी. परीक्षकाला हे एका नजरेत कळतं. कळूनही गुण देऊ नका.

त्याऐवजी मुलांना क्रियापदं द्या. 'तो चालला' याऐवजी काय काय म्हणता येईल? रेंगाळला, लंगडत गेला, तरातरा निघाला, पाय ओढत आला, लगबगीने सुटला. एकेक मूल उठून चालून दाखवेल आणि बाकीचे शब्द सांगतील. विशेषणांच्या रांगेने जे होत नाही, ते एका नेमक्या क्रियापदाने होतं. 'माझा मित्र खूप दुःखी व उदास होता' यापेक्षा 'तो पाय ओढत आला आणि दप्तर न काढताच बसला' हे वाचणाऱ्याला दिसतं. ही समज चौथीच्या मुलाला येते, मी ती रोज पाहते.

हस्ताक्षर आणि शुद्धलेखनाबद्दल दोन टोकं दिसतात. काहींना ते सर्वस्व वाटतं, काहींना दुय्यम. माझं मत असं, की लहान वयात ते महत्त्वाचं आहे, पण देखणेपणासाठी नाही. अक्षर काढण्यातच सगळं लक्ष गेलं तर पुढच्या वाक्याचा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही. व्हर्जिनिया बर्निंगर यांच्या संशोधनाचा गाभा हाच आहे: प्राथमिकच्या मुलांमध्ये हात किती सहज चालतो, यावर त्यांच्या रचनेची लांबी आणि दर्जा बऱ्याच अंशी अवलंबून असतो. ग्रॅहम, हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये, ज्यांना अक्षर जड जातं अशा पहिलीतल्या मुलांना हस्ताक्षराचा जादा सराव दिला, तेव्हा अक्षराबरोबर त्यांची वाक्यं लिहिण्याची क्षमताही वाढली. म्हणून ज्याचं अक्षर संथ आहे, त्याला निबंध शिकवण्याआधी रोज थोडा वेळ सरावासाठी द्या, आणि त्याचा निबंध कधीकधी तोंडी ऐकून तुम्ही स्वतः लिहून घ्या. त्याच्या डोक्यात काय आहे, हे तुम्हालाही तेव्हाच कळेल.

शुद्धलेखनासाठी त्या छत्रीवाल्या मुलाकडे परत जाऊ. 'ऊंच', 'छत्रि', 'पाणि'. तीन लाल गोल, आणि मुलाला काय कळलं? आपलं तीनदा चुकलं. प्रत्यक्षात चुका दोनच प्रकारच्या आहेत. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो (आणि, नि हे अपवाद), म्हणून छत्री, पाणी. अनुस्वार असलेलं अक्षर सहसा ह्रस्व असतं, म्हणून उंच, चिंच, डिंक. एका वेळी एकच नियम घ्या. या महिन्यात शेवटचा इकार-उकार. महिनाभर फक्त त्याच चुकांना खूण करा आणि मुलाला स्वतःच्याच निबंधात त्या शोधायला लावा. बाकीच्या चुका पुढच्या महिन्यांत येतीलच. संवादात मूल घरच्या बोलीत लिहीत असेल तर ते कापू नका. आजी जशी बोलते तशीच ती निबंधात बोलली पाहिजे.

आता तपासणीबद्दल, कारण तुमचा सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. पन्नास वह्या, प्रत्येकीत दोन पानं आणि पानभर लाल खुणा. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं आणि त्यांचा रसही टिकला. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. गुण दिसला की मूल शेरा वाचतच नाही, हे आपण रोज पाहतो. परीक्षेत गुण द्यावेच लागतात. पण वर्षभराच्या सरावाच्या निबंधांना गुण देण्याची सक्ती कुणी केली आहे? त्यांना दोन ओळींचा शेरा द्या. एका ओळीत जे खरोखर चांगलं आहे ते नेमकं सांगा: 'दादा वाकला ते वाचताना मला तुम्ही दोघं दिसलात.' दुसऱ्या ओळीत एकच काम: 'घरी पोचल्यावर आई काय म्हणाली, ते दोन वाक्यांत लिही.' आणि तेच पान परत लिहायला वर्गातच पंधरा मिनिटं द्या. 'सुधारणा करा' एवढा शेरा लिहून वही परत केली तर सुधारणा होत नाही, कारण ती करायला वेळच दिलेला नसतो. वहीचं पान उलटलं जातं आणि पुढचा विषय येतो.

पन्नास मुलांच्या वर्गात हे शक्य आहे का, असं तुम्ही विचाराल, आणि ते योग्यच आहे. दर वेळी सगळ्यांच्या वह्या तपासू नका. आज दहा जणांच्या, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दहा जणांच्या. मधल्या काळात मुलं जोडीने एकमेकांना निबंध वाचून दाखवतील आणि ऐकणारा 'मला कुठे कळलं नाही' एवढंच सांगेल. महिन्याला एक लांब निबंध लिहून घेण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा सहा ओळी लिहून घेणं मुलांना जास्त शिकवतं, आणि तपासायलाही सोपं जातं.

गुणांच्या न्यायाचा प्रश्नही टाळता येणार नाही. 1912 मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी कुणी 64 दिले, कुणी 98. 1961 मध्ये पॉल डायडरिक आणि सहकाऱ्यांनी 300 निबंध 53 जाणकारांना वाचायला दिले आणि नऊ गटांत विभागायला सांगितलं. 94 टक्के निबंध कमीत कमी सात वेगवेगळ्या गटांत पडले. एकाच निबंधाला कुणी उत्तम म्हटलं, कुणी टाकाऊ. प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीला किंमत देत होता: कुणी विचाराला, कुणी रचनेला, कुणी शुद्धलेखनाला. आपल्या शाळेतही हेच चालतं आणि त्याची किंमत मूल मोजतं. चौथीच्या बाईंना आवडलेलं पाचवीच्या सरांना आवडत नाही, आणि मूल लिहायचं सोडून माणसं ओळखायला लागतं.

यावर उपाय जड नाही. परीक्षेच्या आधी शाळेतल्या भाषाशिक्षकांनी एकत्र बसून पाचसहा निबंध वाचावेत आणि दोन-दोन निबंध शेजारी ठेवून 'यातला चांगला कोणता?' एवढंच ठरवावं. एकट्या निबंधाला आकडा देण्यापेक्षा दोघांची तुलना करताना माणसाचा निर्णय जास्त स्थिर असतो, हा विचार लुई थर्स्टन यांनी 1927 मध्येच मांडला आहे. चर्चेत तुमच्या शाळेचं माप तयार होईल. ते माप मुलांच्या भाषेत लिहून वर्गात लावा: विषयाला धरून आहे का? वाचणाऱ्याला दिसतं का? एकामागून एक नीट येतं का? या महिन्याचा शुद्धलेखनाचा नियम पाळलाय का? चार प्रश्न, त्याहून जास्त नको. गुणही याच प्रश्नांवर द्या.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना वेगळी विनंती. 'माझा आवडता ऋतू', 'माझी शाळा', 'झाडाचे आत्मवृत्त' असे विषय आले, की ते पाठच केले जाणार. तेच ते विषय वर्षानुवर्षं येत असल्याने छापील पुस्तकं खपतात. विषय असा द्या, की त्याचं तयार उत्तर कुठे छापलेलंच नसेल: 'हरवलेली वस्तू भलत्याच जागी सापडली', 'मला खूप हसू आलं पण हसता येत नव्हतं', 'मी एकदा चुकीच्या वर्गात जाऊन बसलो', 'आमच्या घरात सगळ्यात जास्त आवाज कशाचा येतो'. झाडाचं आत्मवृत्तच हवं असेल तर 'तुमच्या खिडकीतून दिसणारं झाड काल दिवसभरात काय बघत होतं' असं विचारा. मग मुलाला खिडकीबाहेर बघावंच लागेल. सोबत एक चित्र किंवा पहिलं वाक्य दिलं तर अडलेल्या मुलालाही आधार मिळतो. आणि दोन विषयांपैकी एक निवडायची मुभा असू द्या. काही मुलांना सांगण्यासारखं एकाच विषयात सुचतं, दुसऱ्यात सुचलं नाही तर तो त्यांचा दोष नसतो.

निबंधाच्या वेळातली शेवटची पाच मिनिटंही शिकवावी लागतात. 'तपासून पाहा' म्हटलं की मूल पानावरून नजर फिरवतं आणि पेपर देऊन मोकळं होतं. त्याला नेमकं काम द्या: ओठ हलवत मनातल्या मनात वाच, जिथे अडखळशील तिथे काहीतरी राहिलंय. प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आहे का बघ. या महिन्याचा नियम शोध. विषय पुन्हा एकदा वाच आणि तू त्याचंच उत्तर लिहिलंयस का, ते बघ. एवढं वर्गात रोजच्या सहा ओळींवर करून घेतलं, तरच परीक्षेत होतं.

एक गोष्ट तुम्ही पुढच्या चाचणीलाच करू शकता. निबंधाचा प्रश्न काढताना वरच्यासारखा एक विषय घाला आणि मुलांना आधीच जाहीर सांगा, की या प्रश्नात पाठ केलेल्या मजकुराला गुण नाहीत, तुमचं स्वतःचं तुटकं वाक्य असलं तरी चालेल, त्याला गुण आहेत. मग तपासताना तो शब्द पाळा. पहिल्या वेळी निकाल कदाचित खाली येईल आणि पालक विचारायला येतील. त्यांच्यासमोर मुलाचे दोन्ही निबंध ठेवा, जुना आणि नवा, आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा.

आपली,
मुलांचं लिहिलेलं रोज वाचणारी एक मैत्रीण